आसरांची हळद

६ फेब्रुवारी १९७३

शाळेची विहीर आटली. आज पोहऱ्यात गाळ आला आणि एक मेलेला बेडूक. हेडमास्तर म्हणतात, मुलांना घरून पाणी आणायला सांगा. घरी असतं तर मुलं कोरड्या घशाने शाळेत आली असती का? टँकर येतो तो आधी सरपंच बबनरावांच्या हौदाशी थांबतो, मग वस्तीवर. तोवर त्यात काय उरणार, कपाळ!

तिसरीतली शेवंता उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या खाणीत हाय की पानी. आजी म्हनती, आसरांनी राखलंय." शाळेमागची जुनी दगडखाण. रस्त्यासाठी खडी काढायचे, बंद पडून बरीच वर्षं झाली. उद्या जाऊन बघते.

७ फेब्रुवारी

खरंच पाणी आहे. चहूकडे भेगाळलेली जमीन आणि खाणीत पुरुषभर पाणी! रंग मात्र पिवळा, हळद कालवल्यासारखा. ते कुणी पीत नाही. कडेला मुरमात बायकांनी झिरा खोदलाय, त्यात पाझरून येतं ते भरतात. किंचित पिवळसर. चव तुरट.

वरच्या कपारीत शेंदूर फासलेले सात दगड. आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बायका. शेवंताची आजी सोनाबाई त्यांची राखण करते. दर मंगळवारी तिच्या अंगात येतात म्हणे. मला म्हणाली, "समदा मुलूख आटला बाई, पर ह्यांनी आमचं पानी आटू दिलं न्हाई. आमी हळद वाहिली, ती त्यांनी आंगाला लावली. बघा की कसं पिवळं झालंय." मी हसू दाबलं. पण पाणी ते पाणी.

वर्गात पाण्याची पाळी लावली. रोज चौघांनी घागरी आणायच्या, चौपदरी फडक्यातून गाळायचं. शेवंताला मुख्य केलं. फळ्यावर लिहिलं, 'पाणी गाळून प्यावे.' हेडमास्तरांना जमलं नाही ते मी एका दिवसात केलं. बरं वाटलं.

४ मार्च, रविवार

जेवताना सहज प्र.ना (नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, वहीत अर्धं लिहिते) पाण्याच्या पाळीचं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. त्यांचा घास हातात तसाच राहिला. "कुठली खाण? शाळेमागची?" मग, "तू पितेस ते?" म्हटलं, पिते की, मुलांबरोबरच.

"उद्यापासून घरून बाटली ने."

का, ते सांगेनात. मी त्यांच्यापुढचं ताट ओढून घेतलं तेव्हा बोलले. कंपनीत लोखंडावर चकाकी चढवतात, त्या प्लेटिंग शॉपचे हे सुपरवायझर. क्रोमच्या टाक्या धुतल्या की पिवळं पाणी ओढ्यात, ओढ्यातून खाणीत. टाकीच्या तळाचा गाळ पिंपात भरून तिथेच नेऊन ओततात. खाण बबनरावांची, त्यांनीच कंपनीला दिलीय. म्हणून ऐन दुष्काळात खाण भरलेली! कसल्या आसरा आणि कसलं काय. आमचे हे आहेत ते.

"विष आहे का ते?"

"तसं सरसकट म्हणता येत नाही. पाण्यात पातळ होतं."

पातळ होतं तर मला बाटली कशाला?

"क्वार्टर्सची यादी लागायची आहे. तोवर कुठे बोलू नकोस, कमल."

इतका संताप आला की कप घासता घासता फुटला. नऊ वर्षं कासारवाडीच्या दोन खोल्या, सात बिऱ्हाडांत एक नळ. यादी लागायची आहे हे मलाही कळतं. पण म्हणून

५ मार्च

बाटली नेली. शेवंता म्हणाली, "आमचं पानी नगं का बाई?" सांगितलं, घसा बसलाय, उकळलेलं लागतं.

पाळी चालूच आहे. बंद करायची तर कारण काय सांगू? आणि त्याऐवजी मुलांना काय पाजू, फळा पुसायचं पाणी? मी एकटीने सगळ्याचा मक्ता घेतलेला नाही. कंपनीत एवढे इंजिनिअर आहेत, सरपंच आहे, डॉक्टर आहे. मी तिसरीची मास्तरीण.

२० मार्च

पाळीच्या मुलांच्या हातांवर फोड. आज सगळ्यांचे हात पुढे करवून बघितले. अकरा जणांना आहेत. साधे फोड नव्हेत. गोल, कडा उंच, मधे खड्डा, सुताराने गिरमिट फिरवावं तसे. नावं इथेच समासात लिहून ठेवली. शेवंताच्या बोटांच्या पेरांवर चार.

वस्तीवर आठवड्याला येणारे डॉक्टर म्हणतात, खरूज. गंधकाचं मलम दिलं. पोरांना खाजत नाही, तरी खरूज! डॉक्टरांनी हात धरून बघितलासुद्धा नाही. दुरूनच पावती फाडल्यासारखं मलम.

प्र.च्या मनगटावर असाच एक जुना व्रण आहे. लग्नानंतर विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, भाजलं.

२ एप्रिल

यादी लागली. आपलं नाव आहे! चिंचवडला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात नळ. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. शेजारच्या वहिनींनी साखर वाटली.

आता बोला म्हटलं प्र.ना. म्हणाले, "किल्ली हातात येऊ दे." आधी यादी, आता किल्ली. यांच्यासारखा माणूस मरतानाही यमाला म्हणेल, जरा थांब, साहेबांची सही व्हायचीय.

२४ एप्रिल, मंगळवार

खाणीवर जत्रा भरल्यासारखी गर्दी. कुणीतरी उठवलं की आसरांच्या हळदीने कातडीचे रोग जातात. आळंदीकडून बैलगाड्या भरून बायका आल्या, खरजुली पोरं घेऊन. झिऱ्याचं नाही, थेट खाणीचं पिवळं पाणी अंगावर घालतात. पाणी अंगावर पडलं की पोरं किंचाळतात. बायका म्हणतात, बाधा निघतेय.

शेवंताचे फोडही सोनाबाई त्याच पाण्याने धुते. ज्याने झालेत त्यानेच!

आणि कंपनीने काय केलं? पाटी लावली? कुंपण घातलं? खाणीत उतरायला सिमेंटच्या पायऱ्या बांधून दिल्या. लोकांना सोय. मोठ्या साहेबांनी नारळ फोडला, बबनरावांनी हार घातला. पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत प्र. हात जोडून उभे. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते. दगड मारावासा वाटला. कुणाला, ते ठरेना.

१३ मे

नव्या घरात येऊन आठ दिवस झाले. नळ सोडला की पाणी. दोन-तीनदा उगाचच सोडून बघितला.

इथे उजेड चांगला. प्र. आरशापुढे नाकात व्हॅसलीन लावत होते. कापसाची वात एका नाकपुडीत घातली ती दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर आली. मी ओरडलेच. मधला पडदा खाल्लाय. आरपार भोक! म्हणे, शॉपमध्ये सगळ्यांना होतं, वाफेने. दुखत नाही. कंपनीत त्याला 'नथ आली' म्हणतात. ज्याला येते त्याने शिफ्टला चहा पाजायचा, अशी पद्धत. यांनी तीन वर्षांपूर्वीच पाजला. नवीन माणसाला घाबरवायचं म्हणून एक जण नाकातून आगकाडी आरपार घालून दाखवतो. आणि सगळे हसतात.

मी म्हटलं, एवढं भोक पडलंच आहे तर मोत्याची करून घ्या. हसले. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

१२ जून

शाळा सुरू. पाऊस बरा आहे, शाळेच्या विहिरीला पाणी लागलं. पाण्याची पाळी आपोआप बंद झाली, कुणाला काही सांगावं लागलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

वस्ती अजून झिऱ्याचंच पिते. वस्तीची विहीर भरली तरी. "दुष्काळात ज्यांनी तारलं त्यांना आता सोडायचं व्हय?" म्हणतात.

चौथीत आलेल्यांपैकी सहा जण गैरहजर. पोटदुखी, उलट्या. नावं लिहून ठेवली.

१७ जुलै

शेवंता आज आली. ओळखू येईना. तोंड सुजलेलं, डोळे बारीक. दप्तर उचलताना धाप. "बाई, मुताया व्हत न्हाई दोन दिस," कानात म्हणाली. नेहमीची फटकळ पोर, आज कानात बोलते.

घरी सोडायला गेले. सोनाबाई तांब्यात तेच तीर्थ घेऊन बसलेली. तांब्या हातातून काढून घेतला. "हे पाजू नका. पाण्यात काहीतरी खराब असावं."

"आसरांच्या पान्यात?"

आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. एक म्हणाली, "बाई बामणाच्या हायेत, त्यांना आमचे देव न्हाई चालत." मी बामणाची नाही, सोनाराची, पण ते कुणाला सांगू! सोनाबाईने माझ्या हातातून तांब्या परत घेतला.

२० जुलै

बबनराव शाळेत. हेडमास्तर खुर्ची सोडून उभे. सरपंच अगदी गोड आवाजात, "बाई, तुमचे मालक कंपनीतच हायेत ना? क्वार्टर मिळाली म्हणं. ब्येस झालं. त्या खाणीवर आमच्या गावाची लई श्रद्धा हाय. तवा जरा बघून बोलावं." जाता जाता, "वेल्ह्याकडं डोंगरात मास्तरणींच्या जागा रिकाम्या हायेत म्हणं."

तुमची श्रद्धा मला ठाऊक आहे, बबनराव. तुमच्या घरी पाणी मळ्यातल्या विहिरीचं येतं. तोंडावर बोलले नाही. इथे लिहिते, म्हणजे पोट फुगत नाही.

३० जुलै

रजा टाकून शेवंताला पुण्याला नेलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात. सोनाबाई बरोबर. एसटीत शेवंता माझ्या मांडीवर. वजन कसलं ते नाही.

तरुण डॉक्टर. त्यांनी तरी हात धरून बघितले. मूत्रपिंडाला सूज आहे म्हणाले. "हे व्रण मी कारखान्यातल्या माणसांच्या हातावर बघितलेत. मुलीच्या हातावर कसे?" मी खाणीचं सांगितलं. कंपनी प्लेटिंग करते एवढंच बोलले. आमचे हे तिथेच आहेत, ते नाही.

"नुसत्या संशयावर मी केसपेपरवर काय लिहू? पाण्यात काय सोडतात ते कंपनीच्या माणसाकडून लिहून आणा. कोणाला कधी फोड आले, कधीपासून पाणी प्यायले, याच्या तारखा आणा. आणि त्या मुलीला त्या पाण्यापासून लांब ठेवा, आधी ते."

शेवंताला ठेवून घ्यायला जागा नव्हती. औषधं दिली. परतीच्या गाडीत सोनाबाईंनी एकदाच विचारलं, "डाक्टर पान्याचंच बोलत व्हते न्हवं?" म्हटलं, हो.

३१ जुलै

प्र. आणि मी. भांडण म्हणावं का याला? मी ओरडले, ते खाली बघत बसले.

"दोन ओळी लिहून द्या. अमुक पदार्थ अमुक दिवसांनी सोडतो. सही."

"सही केली तर उद्या नोकरी नाही. हे घर नाही. दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही."

"पोरगी मरेल."

"एका पोरीवरून..."

"एकीवरून नाही! शाळाभर पोरांच्या हातांना भोकं पडलीत. तुमच्या नाकाला पडलंय!"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "कमल, तू तरी..." मी स्वयंपाकघरात निघून गेले. नळ मोठा सोडला. काय म्हणणार होते ते ऐकायचं नव्हतं.

५ ऑगस्ट

सोनाबाईकडे गेले होते. जे करायला गेले ते लिहायलाही हलकं वाटतं, पण लिहिते.

मनात हिशेब असा की नवरा सही करणार नाही, सरपंच कुंपण घालणार नाही. वस्ती ऐकते ती फक्त आसरांचं. तर मंगळवारी सोनाबाईच्या अंगात येऊन त्यांनीच सांगावं, आम्ही हे पाणी सोडून चाललो, याला शिवू नका. झालं. एका मंगळवारात खाण बंद. जन्मभर मुलांना शिकवलं की अंगात येणं बिणं सगळं खोटं, आणि आज तेच मागायला गेले.

सोनाबाई चुलीशी होती. ऐकून घेतलं.

"बाई, माझ्या आंगात येतं ते खरं येतं. तुमाला पटत न्हाई, ऱ्हाऊ द्या. पर मला ते खोटं आनता न्हाई यायचं. आज नातीसाठी आनलं तर उद्या कुनासाठी आनू?"

मी चिडले. म्हटलं, नातीपेक्षा तुमचं खरंखोटं मोठं का? म्हातारी शांत. "पानी वंगाळ हाय आसं तुमी म्हनता, डाक्टर म्हनतो. मी बी म्हनन. पर बाया इचारतील, कुनी सांगितलं? ज्यानं टाकलं त्यानं सांगावं की. माझ्याम्होरं नगं, पान्याम्होरं, समद्यांच्या देखत."

घरी येताना पाय आपटत आले. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत खोटं बोलायला नकार देणारी भेटली ती एक अंगात येणारी बाई. साहेब नारळ फोडतो, डॉक्टर खरूज म्हणतो, सरपंच श्रद्धा म्हणतो, नवरा पातळ म्हणतो. आणि मी सुद्धा तिच्या दारात खोटं मागायला.

१२ ऑगस्ट

प्र.ना सोनाबाईचं म्हणणं सांगितलं. दुपारी त्यांनी सायकल काढली. संध्याकाळी आले ते जेवले नाहीत.

वस्तीवर गेले होते. सोनाबाईंच्या घरी, आपण कोण ते न सांगता. म्हणाले, "मुलीने हात दाखवले. मला म्हणाली, 'तुमच्या बी मनगटावर हाय की.' तिला आनंद झाला, कमल. मोठ्या माणसाला पण होतं म्हणून."

मग बराच वेळ व्हॅसलीनची डबी उघडत-मिटत बसले. मी ताट झाकून ठेवलं, ओरडले नाही. पहिल्यांदाच.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. प्रमुख पाहुणे कंपनीचे मोठे साहेब. मुलांना गोळ्या वाटल्या. फोड झालेल्या हातांवर एकेक गोळी ठेवत गेले, हाताला हात लागणार नाही अशा बेताने. म्हणजे यांनाही ठाऊक आहे. भाषण 'देशाची प्रगती' यावर. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढीच माझी क्रांती.

शेवंता आली नाही.

१७ ऑगस्ट

पुन्हा पुण्याला, एकटीच, औषधं आणायला. डॉक्टरांना वहीतल्या नावांचं सांगितलं. उभेच राहिले. "म्हणजे तुम्ही फेब्रुवारीपासून रोजच्या रोज लिहीत होता? कोणाला कधी काय झालं ते?" म्हटलं, रोजनिशी आहे, त्यात येतं ओघाने. "ती वही घेऊन या. नंतर बसून उतरवलेलं नको, कंपनी म्हणेल रचलं. मूळ वही लागेल. अशा डझनभर पोरांच्या तारखा असल्या तर मी वर पाठवू शकतो, पोरांना एकेक करून तपासायला बोलावू शकतो."

परतीच्या वाटेवर बरं वाटत होतं. कासारवाडीच्या फाटकाशी एसटी थांबली तेव्हा लक्षात आलं, वहीत आणखी काय काय आहे ते.

२१ ऑगस्ट, मंगळवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

दुपारपासून खाणीवर बायका. वीस-पंचवीस तरी घागरी घेऊन. सोनाबाई कपारीत बसलेली, केस बांधलेले. एरवी मंगळवारी मोकळे असतात. बायका वाट बघतात, डफडंवाला वाजवतो, काही नाही. शेवटी सोनाबाईने हात वर करून डफडं थांबवलं. "आज कुनी येनार न्हाई आंगात. आज मानूस बोलनार हाय."

मी चपापले. मला काही ठाऊक नव्हतं. मागून पायऱ्यांवरून प्र. खाली उतरले. कंपनीचाच खाकी शर्ट, कामावरून सरळ आलेले. सोनाबाईला ते आधीच भेटले होते, आपण कोण तेही सांगून, हे मला मागाहून कळलं. त्याच सिमेंटच्या पायऱ्या. पाण्याशी जाऊन उभे राहिले आणि आधी घसा खाकरत बसले. मला वाटलं, पळतात आता.

"या पाण्यात हळद नाही," म्हणाले. "कंपनीच्या टाकीचं पाणी आहे. ते मी सोडतो. पिऊ नका, पोरांना घालू नका."

एवढंच. आवाज फुटका. तरी खाणीत घुमला.

एक बाई रडायला लागली, एकीने शिव्या घातल्या. बबनरावांचा पुतण्या वरून ओरडला, "ए, कोन हाय रं तो?" आणि पळत गेला, कुठे ते कळलंच. दोघींनी घागरी पालथ्या केल्या. बाकीच्या तशाच उभ्या, भरलेल्या घागरी कडेवर.

सोनाबाई उठून प्र.जवळ आली. मला वाटलं, मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सायेब, तुमाला कवापासनं ठावं व्हतं?"

"पहिल्यापासून."

तिने मान हलवली. मग वळून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कशाला? मी तर... "आन् बाई, तुमाला?"

मी म्हणाले, "मला आत्ताच कळलं. डॉक्टर बोलले तेव्हा."

खोटं इतकं सहज निघालं! सगळ्या बायकांच्या देखत, पाण्यापुढे. प्र.नी माझ्याकडे बघितलं. तिथेच मला खोटं पाडलं असतं तरी चाललं असतं. सहा महिने ज्या माणसाला मी भित्रा भित्रा म्हणून झोडपलं तो खरं बोलून उभा होता आणि मी

सोनाबाई म्हणाली, "बरं झालं बाई, तुमाला न्हवतं ठावं ते. न्हाईतर पोरांनी कुनाकडं बघायचं?"

२२ ऑगस्ट

प्र.ना गेटवर अडवलं. आत घेतलं नाही. शिपायाने चिठ्ठी दिली, चौकशी होईपर्यंत येऊ नये. घर सोडायचं का, ते चिठ्ठीत नाही. घरी येऊन खिडकीशी बसलेत. चहा केला, प्याले. मीच म्हटलं, "तुम्ही मला काल का नाही पाडलं तोंडावर?" म्हणाले, "तुझं तू सांगायचं. माझं मला सांगायलाच चार वर्षं लागली." यांना इतकं शहाणपण कधी सुचतं? हवं तेव्हा नाही, नको तेव्हा.

शाळेत चौथीचा वर्ग अर्धा रिकामा. आलेल्यांपैकी काहींच्या आयांनी सांगून पाठवलंय की झिऱ्याचं पाणी बंद. काही अजून तेच पितात. एक पोरगा म्हणाला, कंपनीचा माणूस दारू पिऊन बोलला, आसं सरपंच म्हनले. बरंय.

सोनाबाई शाळेत आली होती. उद्या शेवंताला घेऊन पुण्याला जातेय. रात्रभर ओकली पोर. "डाक्टर इचारतील, कवापासनं कसं कसं झालं. मला न्हाई सांगता यायचं. तुमी चला बाई. त्येनी तुमच्या वहीचं सांगितलं व्हतं न्हवं? ती बी घ्या." वहीचं मीच तिला सांगितलं होतं, पुण्याहून औषधं घेऊन आले तेव्हा, मोठेपणाने.

हो म्हणाले.

वही पुढे उघडी आहे. वीस मार्च, अकरा नावं. बारा जून, सहा नावं. डॉक्टरांना हवं ते सगळं इथे आहे, दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्या आधीचं पान चार मार्चचं. त्याच्याच पाठीवर पाच मार्च, बाटलीचं. ते पान फाडलं की दोन्ही जातात, पण वहीचा दोरा सैल होतो, डॉक्टर काही आंधळे नाहीत. आणि वाचतील मोठ्याने. सोनाबाई शेजारीच बसलेली असेल, तिला वाचता येत नाही, पण ऐकता येतं. चार मार्च. त्यानंतर सुट्टी लागेपर्यंत मी पोरांना रोज तेच पाणी गाळून पाजलं, स्वतः बाटलीचं पीत.

पहिली एसटी सव्वासातला. शेवंताला उचलून घ्यावं लागेल, फाट्यापर्यंत चालवत नाही तिला.